ब्रेड सोडायचाय, पण डब्यात न्यायचं काय? सँडविचला पर्याय सुचवा

सकाळची_शिफ्ट
नमस्कार मंडळी. सांगलीत राहते, कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी ७.१० ला घर सोडते आणि ९.३० ला दहा मिनिटांचा चहाचा ब्रेक मिळतो, त्यात नाष्टा उरकायचा. बेसिन लांब आहे, डावा हात कायम माऊसवर. त्यामुळे गेली चार वर्षं माझं ठरलेलं म्हणजे ब्राऊन ब्रेडचं सँडविच, फॉइलमध्ये गुंडाळून.
आता डाएटवाल्या मॅडमनी १५०० कॅलरीचा आराखडा दिलाय आणि ब्रेड बंद करा म्हणाल्यात. अॅपमध्ये मी दोन स्लाइसचे १३० लिहीत होते आणि निवांत होते. दीड महिना आमराईत चकरा मारून काटा अर्धा किलो हललाय, तोही बहुतेक चपला काढून उभी राहिले म्हणून.
तर ब्रेडला पर्याय सांगा. अटी अशा: एका हातानं खाता यावा, गळायला नको, अडीच तासांनी दगड व्हायला नको, आणि पहाटे उठून दोन तास खपायला लागू नये. भाकरी म्हणू नका, भाकरी फॉइलमध्ये ठेवली की पापड होते.

मिरजेचा_मळा
भाकरी.

सकाळची_शिफ्ट
काका, शेवटची ओळ वाचा हो :)

मिरजेचा_मळा
वाचली. तरीपण भाकरी. आमच्या पिढीनं कॅलरी मोजल्या नाहीत आणि पोटंही सुटली नाहीत.

तिखटजाळ
काका, तुमच्या पिढीनं मोटही हाकली. आम्ही एक्सेल हाकतो.

डब्बेवाली_वहिनी
शिफ्टताई, एक विचारू का? १३० तर नुसत्या ब्रेडचे झाले. आत काय घालतेस ते लिहिलंच नाहीस. मी पण असंच करायचे, ब्रेडचा हिशेब पै पै चा आणि बटर मात्र मनाला येईल तेवढं.

सकाळची_शिफ्ट
बटर थोडंसंच हो, चव येण्यापुरतं. एक चीज स्लाइस, उकडलेला बटाटा, काकडी, हिरवी चटणी.

डब्बेवाली_वहिनी
"थोडंसंच" म्हणजे किती ते उद्या काट्यावर बघ. बटरचा डबा आधी वजनकाट्यावर ठेव, सँडविच झालं की परत ठेव. बस्स, काही बोलायचं नाही.

भट्टीवरचा
आमची तीन पिढ्यांची बेकरी, म्हणून चार शब्द बोलतो, जाहिरात नाही, गावाचं नाव पण सांगत नाही.
ब्राऊन ब्रेड या नावाला भुलू नका. रंग बघून गहू ओळखता येत नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असा नियम आहे, म्हणजे पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, मग पुढं किती का कणसांचं चित्र काढलेलं असेना. यादीत कॅरामेल किंवा १५० नंबरचा रंग दिसला तर तपकिरी कशानं झालाय ते कळलंच. मल्टिग्रेनचं तेच, वर चार तीळ आणि जवस चिकटवले की मल्टिग्रेन.
आता उलटी बाजू. नुसत्या कणकेचा ब्रेड करणं सोपं नाही. कोंडा असतो, पीठ मैद्यासारखं फुगत नाही, वीट होते. म्हणून वरून ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाची, पावडर घालतात. गिऱ्हाईकाला आटा पण पाहिजे आणि कापसासारखा मऊ पण पाहिजे, मग आम्ही तरी काय करणार?
आणि कॅलरीचं म्हणाल तर पांढरा ब्रेड १०० ग्रॅमला साधारण २६५, गव्हाचा २५० च्या आसपास. स्लाइस २५ ग्रॅमची. म्हणजे दोन स्लाइसमागं वाचले किती, सात-आठ. तेवढ्यासाठी पाकिटाला वीस रुपये जास्त देताय. गव्हाच्या ब्रेडात तंतू जास्त असतात, पोटाला ते चांगलं, पण ते वेगळं, कॅलरी वेगळ्या.

जोंधळा_जतचा
भट्टीवाले दादा, ब्रेडात ते विषारी केमिकल असतंय म्हणत्यात ते खरं का?

भट्टीवरचा
पोटॅशियम ब्रोमेट म्हणताय तुम्ही. त्यावर २०१६ लाच बंदी आली, पेपरात लई गाजलं होतं. त्या महिन्यात आमची लादी निम्मी परत यायची. आता पाकिटावर २८२ दिसतं ते कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी लागू नये म्हणून घालतात, त्याला परवानगी आहे. रोजच्या लादी पावात आम्ही तेही घालत नाही, सकाळी काढला की संध्याकाळपर्यंत संपतोच.

खपलीप्रेमी
ब्रेड, मैदा सगळं सोडा आणि खपली गहू आणा. आपल्या कृष्णाकाठचं सोनं आहे ते. कॅलरी कमी, ग्लूटेन नाही, वजन आपोआप उतरतं. मी स्वतः सहा महिने खातोय.

पाटीपेन्सिल
खपलीप्रेमी, खपली मलाही आवडते, खीर तर खपलीचीच. पण दोन गोष्टी चुकताय. खपली गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतं. कुणाला सिलियाकचा (ग्लूटेन अजिबात न चालण्याचा) त्रास असेल आणि तो तुमचं वाचून खपली खायला लागला तर पंचाईत व्हायची. आणि कॅलरी साध्या गव्हाइतक्याच.
मुळात पिठांचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की भांडण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅमला कणीक ३२०, नाचणी ३२०, ज्वारी ३३४, बाजरी ३४८, मैदा ३५२ असं आहे. बघा, मैदा आणि बाजरीत चारचा फरक! फरक पडतो तो तंतूंत. मैद्यात तीनाच्या आत, बाकी सगळ्यांत दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे पोट भरल्यासारखं वाटायचं ते तिथून.

खपलीप्रेमी
मग माझं वजन कमी झालं ते काय हवेनं?

पाटीपेन्सिल
पूर्वी किती पोळ्या खायचा आणि आता किती खाता?

खपलीप्रेमी
आधी पाच, आता तीन. महाग आहे ना, बायको मोजून करते.

तिखटजाळ
सापडलं. डाएटचं रहस्य: बायको मोजून करते =))

साताऱ्याची_सून
माहेर सांगली, सासर सातारा, त्यामुळे दोन्हीकडची मतं फुकट मिळतील. शिफ्टताई, कोबीचं पान वापर. मोठी बाहेरची पानं घ्यायची, मिठाच्या उकळत्या पाण्यात जेमतेम मिनिटभर, लगेच गार पाण्यात. मधला जाड देठ सुरीनं तासून सपाट करायचा, नाहीतर गुंडाळताना तट्कन मोडतो. फडक्यानं कोरडं करून आत पनीरची भुर्जी नाहीतर कोरडा झुणका. कॅलरी म्हणशील तर पानाच्या जवळपास नाहीतच.

मिरजेचा_मळा
झुणका कोबीच्या पानात. बघा ही वेळ आली.

साताऱ्याची_सून
काका, अळूच्या पानात बेसन गुंडाळून आपण वड्या केल्याच की!

मिरजेचा_मळा
त्या तळतो आम्ही.

जोंधळा_जतचा
:))) काकांचा षटकार

साखरबाबा
वय ६३, शुगर अकरा वर्षं. माझा अनुभव सांगतो. ब्राऊन ब्रेडच्या दोन स्लाइस आणि चहा घेतला की दोन तासांनी माझं मशीन १९०-२०० दाखवतं. त्याच वेळेला एक ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली तर १५० च्या आत. चार-पाच वेळा करून बघितलंय. त्यामुळे ज्वारी ती ज्वारी, तुमचे तक्ते काहीही म्हणोत.

पाटीपेन्सिल
साखरबाबा, तुमचं मशीन खोटं नाही. पण एका बाजूला ब्रेड आणि (गोड?) चहा, दुसऱ्या बाजूला भाकरी आणि उसळ. उसळीतल्या प्रोटीननं आणि तंतूनं साखर हळू चढते. तोच ब्रेड उसळीबरोबर खाऊन बघा, आकडा खाली येईल असं वाटतं. पांढरा आणि गव्हाचा ब्रेड यांचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर साखर किती झपाट्यानं चढते त्याचा आकडा) मात्र खरंच जवळजवळ सारखा आहे, ७५ आणि ७४. म्हणजे ब्राऊन म्हणून सूट मिळत नाही हे तुमचं बरोबर. औषधाचं मात्र डॉक्टरांना विचारूनच.

साखरबाबा
चहा बिनसाखरेचा. बिस्कीट असायचं एखादं. ते धरायचं का?

तिखटजाळ
बाबा...

विश्रामबागकर
उसळीबरोबर ब्रेड म्हणजे मिसळच की हो सरळ! चला, मुद्द्यावर आलो. मिसळीबरोबर ब्रेडची स्लाइसच पाहिजे. पाव ही पुण्या-मुंबईची फॅशन. स्लाइस कट पिते, पाव नुसता भिजतो.

भट्टीवरचा
विश्रामबागकर, मिसळवाले आमच्याकडनं स्लाइस जाड कापून नेतात, पातळ चालत नाही, रश्शात तुटते. जाड स्लाइस ४० ग्रॅमपर्यंत जाते. वर एक्स्ट्रा दोन. करा हिशेब.

विश्रामबागकर
हिशेब कशाला, रविवार आहे.

डब्बेवाली_वहिनी
हिशेब ब्रेडचा नाहीच, वरच्या तर्रीचा आहे. तेल एक ग्रॅमला नऊ कॅलरी, चमचाभराला ४५. कट दुसऱ्यांदा मागवला की तेलाचाच पाऊण नाष्टा झाला. पण कट न मागवता मिसळ खाणं म्हणजे पाप, तेही मान्य.

सकाळची_शिफ्ट
मंडळी, मिसळीवरून परत या. केला वहिनींनी सांगितलेला प्रयोग. हात थरथरत होते.
बटरचा डबा आधी ३१२. सँडविच लावून झाल्यावर २९८. चौदा ग्रॅम! मी रोजच्यासारखंच लावलं, मुद्दाम जास्त नाही, आतल्या दोन्ही बाजूंना आणि मग तव्यावर टाकताना वरनं. बटर १०० ग्रॅमला ७२० च्या घरात, म्हणजे शंभर कॅलरी नुसत्या बटरच्या. चीज स्लाइसवर छापलेले ६०. बटाटा ४०. ब्रेड १३०. एकूण ३३० आणि मी चार वर्षं १३० धरत होते. नवरा म्हणाला, अकाउंट्सला आहेस ना गं तू?

डब्बेवाली_वहिनी
अगं मी पहिल्यांदा केलं तेव्हा १९ ग्रॅम निघालं होतं. तू तर साध्वी आहेस.

पाटीपेन्सिल
मेयोनीज लावत नाहीस हे बरं. ते बटरच्याच जातीचं, मोठा चमचाभर म्हणजे ९०-१००. घट्ट टांगलेलं दही, त्यात लसूण-मिरपूड-मीठ, ब्रेडला तसंच लागतं आणि काम दहा-पंधरा कॅलरीत होतं. आणि भाजल्यानं ब्रेड हलका होतो हा पण एक गैरसमज आहे, उडतं ते पाणी, कॅलरी स्लाइसमध्येच राहतात.

नुकतीच_आले
मग टोस्ट, खारी? मी ब्रेड सोडून चहाबरोबर खारी धरलीय, ती हलकी असते ना हातात घेतली तर.

भट्टीवरचा
ताई, खारी फुगते ती थराथरात घातलेल्या तुपा-डालड्यामुळं. हातात हलकी, पोटात जड. आमच्याच धंद्याचं नुकसान करतोय, पण सोडा ती.

सातवी_इडली
इडली उभी कापून मधे चटणी लावायची. गळत नाही, एका हातात मावते. दोन मध्यम इडल्या शंभर-एकशेवीसच्या आत. उदास दिसते पण चालते.

सकाळची_शिफ्ट
इडली आवडते पण दहा वाजेपर्यंत संपते आणि अकराला परत भूक. खरं सांगू का, सगळा घोटाळा अकरालाच आहे. आमच्या टेबलवर भडंगची बरणी असते. सांगलीत राहून भडंगला नाही कसं म्हणणार? एक मूठ म्हणून सुरू होतं.

जोंधळा_जतचा
ताई, भडंग अॅपमध्ये लिहिलाय का?

सकाळची_शिफ्ट
...

तिखटजाळ
या "..." मध्ये किमान दोनशे कॅलरी आहेत.

डब्बेवाली_वहिनी
चुरमुरे हलके गं, पण वर तेल आणि शेंगदाणे. शेंगदाणा १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. आणि भडंगात बोटं आधी शेंगदाणेच शोधतात.

जोंधळा_जतचा
आता जरा गंभीर लिवतो. ताई म्हणत्यात भाकरी नको, पापड होती. बरोबर हाय. ज्वारीत चिकटपणा नसतोय, गव्हासारखं ग्लूटेन न्हाई, म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून मळावी लागती, आणि पाणी उडालं की ती कडक होणारच. आमच्याकडं मग उलटं करत्यात, कडकच करायची. विजापूर-सोलापूर बाजूला आणि आमच्या जत भागात कडक भाकरी असती, कागदासारखी पातळ थापून भाजून वाळवलेली, महिनाभर टिकती. खाखऱ्यासारखी हातानं तोडून खायची, वर दही-चटणी नाहीतर नुसती. गळत न्हाई, हात भरत न्हाई. फक्त आवाज लई करती, सायबाला कळतंय की तुम्ही खायलाय.
दुसरं म्हणजे आमची आई शेतावर जाताना दशम्या न्यायची. पाण्याऐवजी दुधात पीठ मळायचं. दोन दिवस मऊ राहती. प्रवासाला तेच द्यायचे पूर्वी.

मिरजेचा_मळा
दशमी! शाब्बास रे पोरा. मी भाकरी म्हणत होतो ती हीच.

तिखटजाळ
काका, पलटी.

साताऱ्याची_सून
अगं हो, दशमी विसरलेच मी! माझ्या आजेसासूबाई अर्धी ज्वारी अर्धी कणीक घ्यायच्या, कोमट दूध, मीठ, जिरं. गॅस मध्यम ठेव, दूध असल्यानं पटकन डाग पडतात. भाजली की गरम असतानाच फडक्यात गुंडाळायची, फॉइलमध्ये नाही, फॉइलला आतनं घाम येतो. आणि एक, लहान कर. आमच्याकडची भाकरी एकदा सहज मोजली तर पीठच ८५ ग्रॅम निघालं. म्हणजे एका भाकरीचे पावणेतीनशेच्या वर! मुंबईची नणंद "मी एकच भाकरी खाते" म्हणते तेव्हा तिची तळहाताएवढी असते आणि आमची ताटाएवढी.

पाटीपेन्सिल
हे फार महत्त्वाचं आहे. "एक भाकरी" हे माप नाहीच.

सकाळची_शिफ्ट
दशमी पटली. पण आत काय? आणि थापता येत नाही मला नीट, कडा फाटतात.

डब्बेवाली_वहिनी
अर्धी कणीक असेल तर लाटून होते, थापायची गरज नाही. आत मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ नाहीतर उकडलेलं अंडं कुस्करून, अंड्याचे ७५ धर. शेंगदाण्याची चटणी लावणार असशील तर चमचा सपाट, डोंगर नाही.
एखाद्या दिवशी मुगाचं धिरडं कर. ४० ग्रॅम मूग रात्री भिजत, सकाळी मिरची-आलं-लसूण घालून फिरव, तव्यावर एक चमचा तेल. पावणेदोनशेच्या आसपास जातं आणि नऊ-साडेनऊ ग्रॅम प्रोटीन. गुंडाळी करून डब्यात.

नुकतीच_आले
ओट्सचं पीठ घालून चालेल का? ते डाएटचं असतं म्हणे.

पाटीपेन्सिल
चालेल की. पण ओट्स १०० ग्रॅमला ३८० च्या वर, ज्वारीपेक्षा जास्तच. डब्यावर हृदयाचं चित्र असलं म्हणून मोजायचं टळत नाही.

विश्रामबागकर
या धाग्यावर कुणी काही खायला शिल्लक ठेवलंय का?

सातवी_इडली
काकडी. १०० ग्रॅमला १५.

सकाळची_शिफ्ट
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, रिपोर्ट द्यायचा राहिला होता.
सोमवार-बुधवार-शुक्रवार दशमी. ६० ग्रॅम पीठ, निम्मं-निम्मं, त्यात मावेल तेवढं दूध, दोन लहान होतात. रात्रीच करून फडक्यात गुंडाळते, सकाळी अंडं किंवा मूग भरून गुंडाळी. पहिल्या आठवड्यात मूग ओलसर राहिले आणि सगळा रस कीबोर्डवर. आता उसळ तव्यावर परत कोरडी करते. मंगळवार-गुरुवार धिरडं. कडक भाकरी पण आणली होती, जतवाल्यांनी सांगितलं ते खरं, पहिल्याच घासाला आख्खं अकाउंट्स माझ्याकडं बघत होतं.
आता गंमत ऐका. दशमी आणि अंड्याची बेरीज केली तर तीनशेच्या आसपास येते. म्हणजे सँडविच ३३० चं आणि हे ३०० चं. ब्रेड सोडून मी वाचवले तीस! मॅडमना सांगितलं तर त्याही हसल्या. पण अकराला भूक लागत नाही, दीडपर्यंत जाते. बरणीला मी हात लावला नाही असं नाही, पण आता मूठ नाही, चिमूट. काटा १.४ किलो खाली आहे, चपला दोन्ही वेळेला काढलेल्या.
शनिवारी हाफ डे असतो, तेव्हा येताना सँडविच खातेच. परवा गाड्यावर सांगितलं, दादा बटर नको. तो म्हणाला, "बटर नाही लावलं तर ग्रिलला चिकटतंय वो ताई." मग म्हटलं एकाच बाजूला लावा. त्यानं एका बाजूला दोन्ही बाजूंचं लावलं.

डब्बेवाली_वहिनी
गाड्यावर काटा घेऊन जा आता =))

भट्टीवरचा
अभिनंदन ताई. शनिवारचं सोडू नका, आमचीपण पोटं आहेत.

साखरबाबा
बिस्कीट बंद केलं. ब्रेड आणि मटकीची उसळ खाऊन बघितली. १६२ आलं. पाटीपेन्सिल, अर्धे तुम्ही जिंकलात, अर्धी ज्वारी.

मिरजेचा_मळा
दशमीत थोडा गूळ घालून बघा.

पाटीपेन्सिल
काका!!

विश्रामबागकर
उद्या रविवार. कोण कोण येतंय मिसळीला?

सकाळची_शिफ्ट
मी. दोनच स्लाइस. कट एकदाच.

तिखटजाळ
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.